फिजेट टॉइजमुळे एकाग्रता खरंच वाढते का? संशोधन काय सांगतं?

बोटांवर गरगर फिरणारा स्पिनर, बटणं आणि चाकं असलेला छोटा क्यूब, 'टप् टप्' दाबायचे सिलिकॉनचे बुडबुडे. ही खेळणी विकताना दोन आश्वासनं हमखास दिली जातात : ताण कमी होईल आणि लक्ष लागेल. एडीएचडी, म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष टिकवण्यात अडचण असलेल्या मुलांचे पालक मोठ्या आशेनं ती विकत घेतात. पण हाताला बरं वाटणं आणि अभ्यासात लक्ष लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ही लाट आली कुठून?

२०१६ मध्ये अमेरिकेतील 'अँट्सी लॅब्ज'नं फिजेट क्यूब बनवण्यासाठी 'किकस्टार्टर'वर १५ हजार डॉलर्सचं आवाहन केलं. प्रत्यक्षात जमले ६४ लाखांहून अधिक. २०१७ मध्ये स्पिनरनं जगभर धुमाकूळ घातला आणि अमेरिका, ब्रिटनमधील अनेक शाळांनी त्यावर बंदी आणली. त्यानंतर टिकटॉकमुळे 'पॉप इट' घरोघरी पोहोचलं. त्याची मूळ कल्पना मात्र १९७० च्या दशकातली, इस्रायलच्या थिओ आणि ओरा कोस्टर या दांपत्याची.

स्पिनरनं लक्ष लागतं का?

आतापर्यंतचे निष्कर्ष उलट दिशेनं जातात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ इथल्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, व्हिडिओ लेक्चर पाहताना स्पिनर फिरवणाऱ्यांना शिकवलेलं कमी आठवलं. स्पिनरबद्दल चांगलं मत असणाऱ्यांनाही हेच लागू झालं.

एडीएचडी असलेल्या, साधारण पाच वर्षांच्या ६० मुलांचा वर्गात अभ्यास झाला. स्पिनरमुळे सुरुवातीला मुलांची वर्गातली धावपळ कमी झाली, पण नंतर तो परिणाम टिकला नाही. लक्ष मात्र दोन्ही टप्प्यांत कमीच राहिलं. म्हणजे मूल शांत बसलं, म्हणून ते ऐकत होतं असं नाही.

मग चुळबुळ वाईटच का?

तसंही नाही. ब्रिटनमध्ये २००९ साली झालेल्या एका प्रयोगात ४० जणांना कंटाळवाणा फोन संदेश ऐकवला गेला. त्यातल्या निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे आकार पेन्सिलीनं भरायला सांगितलं होतं. त्यांना इतरांपेक्षा २९ टक्के जास्त माहिती आठवली. २०१५ च्या एका अमेरिकी अभ्यासात, एडीएचडी असलेली ८ ते १२ वर्षांची मुलं जास्त हालचाल करत असताना त्यांची कार्यकारी स्मृती, म्हणजे माहिती डोक्यात धरून तिच्यावर काम करण्याची क्षमता, अधिक चांगली दिसली.

या फरकाचं एक संभाव्य कारण सोपं आहे. स्पिनर डोळ्यांना बोलावतो. तो किती वेळ फिरतो, हे पाहावंसं वाटतं. मऊ चेंडू दाबणं किंवा पेन्सिलीनं रेघोट्या ओढणं हे काम मात्र फारसा विचार न करता चालू राहू शकतं.

ताणाचं काय?

एकसारख्या हालचालीनं अनेकांना बरं वाटतं, हे खरं. स्वमग्न मुलांपैकी काहींना स्पर्शाचा असा आधार गरजेचाही असतो. पण हा तात्पुरता दिलासा आहे, चिंताविकारावरचा उपचार नाही. 'थेरपी टॉय' असं खोक्यावर छापल्यानं खेळण्याचं औषध होत नाही.

घेताना काय पाहावं?

भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. ते तपासावं. तीन वर्षांखालील मुलांना सुटे होणारे भाग असलेली खेळणी देऊ नयेत, कारण ते घशात अडकू शकतात. दिवे लागणाऱ्या स्पिनरमधली बटणाएवढी बॅटरी गिळली गेली, तर जीवावर बेतू शकतं.

शाळांनी काय करावं?

सरसकट बंदी घातली, तर ज्या मुलाला खरी गरज आहे त्याचाही आधार जातो. सरसकट परवानगी दिली, तर वर्गाचं खेळण्यांचं दुकान होतं. त्यामुळे निर्णय मुलागणिक व्हायला हवा आणि त्यात शिक्षक, पालक व समुपदेशक यांचा सहभाग हवा. घरी पालकांनाही एक गोष्ट सहज पाहता येते : खेळणं हातात असताना मुलाची नजर पुस्तकावर आहे की खेळण्यावर?