‘पुढे काय?’ या प्रश्नाला आजोबांची सोबत

दहावीचा निकाल लागला, की पेढ्यांपाठोपाठ घरात एकच प्रश्न येतो : आता पुढे काय? २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. कवठे महांकाळसारख्या तालुक्यातल्या मुलांनाही आता पोर्टलवर पसंतीक्रम भरावे लागतात. अर्ज भरून देणारा सापडतो. पण आयटीआय घ्यावे की डिप्लोमा, सांगली-मिरजेला राहण्याचा खर्च झेपेल का, यावर निवांत बोलणारे माणूस अनेकांना मिळत नाही. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयात जाते, तिथे ही उणीव अधिक जाणवते.

याच भागात निवृत्त शिक्षक, माजी सैनिक, बँक आणि एसटीतले निवृत्त कर्मचारी आहेत. सोने-चांदी गलाईच्या व्यवसायात परराज्यांत आयुष्य काढून परतलेलेही आहेत. त्यांच्याकडे अनुभव आणि वेळ आहे. विचारणारे कमी आहेत. या दोन पिढ्यांना एकत्र आणणे ही निव्वळ समाजसेवा नाही. आरोग्यशास्त्रालाही त्यात रस आहे.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात ‘एक्स्पिरियन्स कोअर’ या उपक्रमात साठीपुढचे स्वयंसेवक प्राथमिक शाळांमध्ये आठवड्याला सुमारे १५ तास मुलांना मदत करत. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सहभागी झालेल्यांची आणि न झालेल्यांची तुलना केली. कोण कोणत्या गटात, हे नशिबावर सोडले होते. १११ जणांच्या मेंदूच्या एमआरआयवर आधारित निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. स्मरणशक्तीशी संबंधित ‘हिप्पोकॅम्पस’ हा भाग वयानुसार आक्रसतो. दोन वर्षांनी स्वयंसेवक पुरुषांमध्ये तो किंचित वाढलेला दिसला. स्त्रियांमध्ये कल तसाच होता, पण फरक इतका ठळक नव्हता. अभ्यास लहान आणि दुसऱ्या देशातला आहे, त्यामुळे त्यावरून मोठे दावे करू नयेत. पण त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. ठरल्या वेळी घराबाहेर पडणे, चालणे, नावे लक्षात ठेवणे, दुसऱ्याची अडचण समजून तोड काढणे, हे सगळे शरीर आणि मेंदू यांना एकाच वेळी कामाला लावते.

भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणे मोजली, सामाजिक एकटेपणा त्यांपैकी एक आहे.

मुलांच्या बाजूने मात्र एक इशारा आहे. अमेरिकेतील ग्रॉसमन आणि ऱ्होड्स यांच्या २००२ मधील अभ्यासात वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या मार्गदर्शक-विद्यार्थी जोड्यांत सर्वाधिक फायदा दिसला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांत मात्र मुलांचा स्वतःविषयीचा विश्वास उलट घटला. म्हणजे सत्कार, भाषण आणि चहा-बिस्किटांवर संपणारे एक दिवसाचे ‘करिअर शिबिर’ याची जागा घेऊ शकत नाही. अर्धवट सोडून देण्यापेक्षा सुरू न केलेले बरे.

‘आमच्या वेळी’ या शब्दांनी सुरू होणारा सल्लाही निरुपयोगी ठरतो. नोकऱ्या बदलल्या, परीक्षा बदलल्या. ज्येष्ठांनी शाखा निवडून देऊ नये. प्रश्न विचारावेत, शिष्यवृत्तीची कागदपत्रे मुदतीत जमवायला लावावीत, अपयश पचवल्याचे आपले अनुभव सांगावेत. भेटी शाळेच्या आवारात, इतरांच्या नजरेसमोर आणि पालकांच्या संमतीने व्हाव्यात. स्वयंसेवकांची पोलीस पडताळणी व्हावी. मुलाची झोप उडाली, जेवण तुटले, जगण्याविषयी निराशेचे बोल निघू लागले, तर ते काम डॉक्टरांचे. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा विनाशुल्क क्रमांक प्रत्येक स्वयंसेवकाला पाठ हवा.

यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. शाळा आणि स्वयंसेवक यांना जोडणारे केंद्राचे ‘विद्यांजली’ पोर्टल २०२१ पासून आहे. गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. पुण्यात १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण मुलांच्या पाठीशी उभी आहे. पण तिथवर न पोचणारी मुले तालुक्यातच असतात. एका ज्येष्ठाकडे दोनच विद्यार्थी, आठवड्याला एक तास आणि निदान एक वर्ष, एवढा शब्द पाळता आला तर सुरुवात एका शाळेतूनही होईल. निकालाच्या दिवशी जो बरोबर असतो, तो पुढच्या परीक्षेच्या दिवशीही असायला हवा.