शीत, भात आणि आमची मुले

पेडणे आणि डिचोलीकडील आमच्या घरांत पानात वाढतात ते ‘शीत’ आणि शेतात पिकते ते ‘भात’. मूल पहिलीत बसले की पुस्तक सांगते, आईने भात वाढला. शेतातले भात सालासकट ताटात कसे आले, असा प्रश्न पोराला पडला तर दोष त्याचा नव्हे. घरी ‘नुस्ते’ म्हणजे मासळी, पुस्तकात ‘नुसते’ म्हणजे केवळ. सोमवारी नुसता भात, म्हणजे नुस्ते नसलेला, हे कोडे आमची पोरे न शिकवता सोडवतात.

तरीही अलीकडे आमच्यातलेच काही म्हणतात, घरी कोंकणी, शाळेत मराठी, मूल गोंधळते, त्यापेक्षा सरळ इंग्रजीत घाला. हे आम्हाला मुळीच मान्य नाही. दोन भाषांतले मूल एका भाषेतला शब्द ऐकते तेव्हा दुसरीतलाही मनात जागा होतो, अर्थाची पुंजी मात्र बरीचशी सामाईक असते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर खाते एक, नावे दोन. दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकान्स आणि इंग्रजी या दोन्ही भाषा बोलणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. उच्चाराने सारखा शब्द जवळचा की अर्थाने, असे विचारल्यावर चार ते सहा वर्षांची ही मुले एकभाषी मुलांपेक्षा अर्थाकडे अधिक वळली. एकाच वस्तूला दोन नावे ऐकणाऱ्या मुलाला नाव वेगळे आणि वस्तू वेगळी हे लवकर उमजते.

१९८७ च्या राजभाषा कायद्यापासून आम्ही मराठीच्या हक्कासाठी भांडलो, आणि ते योग्यच होते. पण त्या भांडणात पोराच्या तोंडची कोंकणीही आम्ही शत्रू मानली. ‘शुद्ध बोल’ म्हणून दटावणारे आम्हीच. २०११ साली इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला, तेव्हा आम्ही रस्त्यावर उतरलो. नातवंडांना कुठे घातले, ते ज्याचे त्याला ठाऊक.

आमची मागणी साधी आहे. मराठी शाळेतील पहिली-दुसरीच्या शिक्षकाला मुलाच्या घरची बोली कळली पाहिजे, आणि ‘शीत’ लिहिले म्हणून वहीवर लाल फुली पडता कामा नये. शेजारी ‘भात’ लिहून द्यावे. पुढच्या बैठकीत हा ठराव यावा आणि दोन्ही तालुक्यांच्या आमदारांकडे जावा.