इतिहास घेऊन काय करणार?

बी.ए.ला इतिहास घेतला तेव्हा मामू म्हणाले, "बेटी, डी. फार्मसी कर. मेलेल्या बादशहांवर घर चालत नाही." अब्बू गप्प होते. पण फी भरताना त्यांच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न होता.

आज मी मराठवाड्यात एका वकिलांकडे जमिनींचे जुने कागद वाचते. माझ्याकडे कायद्याची पदवी नाही. एका दर्ग्याच्या खिदमतमाश जमिनीचा मुंतखब, म्हणजे निजामकाळातला इनामाचा दाखला, आमच्याकडे आला. त्यावर सन होता १३४७. सगळ्यांनी तो हिजरी धरला, म्हणजे इसवी १९२८-२९. सही करणारा अधिकारी तर त्यानंतर रुजू झालेला. कागद बनावट ठरायच्या बेतात होता. मी महिना वाचला: आजूर. हिजरीत आजूर नावाचा महिनाच नाही. तो हैदराबाद संस्थानच्या फसली सनाचा पहिला महिना. म्हणजे कागद ऑक्टोबर १९३७ चा, आणि सही बरोबर जुळत होती.

हे मी वर्गात शिकले. कागद कुणी लिहिला, कधी, कशासाठी आणि त्याला दुसरा पुरावा कोणता, हे चार प्रश्न म्हणजे इतिहासाचा अभ्यास. हेच प्रश्न बातम्यांची सत्यता तपासणाऱ्याला लागतात, विम्याच्या दाव्याची चौकशी करणाऱ्यालाही लागतात. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा निजामकाळातले उर्दू आणि मोडी कागद वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. उर्दू तर आपल्या घरातली भाषा. मग त्या रांगेत आपली मुले किती होती?

मित्रांनो, इतिहासावर सर्वाधिक भांडतो आपण आणि सर्वात कमी शिकतोही आपणच. कुणी व्हॉट्सअॅपवर शिवी दिली की आपले उत्तर ठरलेले: "आम्ही आठशे वर्षे राज्य केले." आम्ही म्हणजे कोण? माझे पणजोबा पिंजारी होते, कापूस पिंजत गावोगाव फिरायचे. त्यांना कुणी तख्तावर बसवले नव्हते. समोरच्याचा खोटा इतिहास आपल्या खोट्या अभिमानाने खोडता येत नाही. त्याला कागद लागतो, आणि तो वाचणारा माणूस लागतो.

नुसत्या पदवीने नोकरी मिळते असे मी म्हणणार नाही. गाइड पाठ करून पास झालात तर मामूंचेच खरे ठरेल. म्हणून आईवडिलांना माझी विनंती आहे: मुलीला इतिहास घ्यायचा असेल तर अडवू नका, फक्त एक अट घाला. तीन वर्षांत मोडी शिकायची आणि शिकस्ता अक्षरातली उर्दू वाचता आली पाहिजे. आपल्या वस्तीतल्या कितीतरी घरांचे, कब्रस्तानांचे, मशिदींचे कागद पेटीत पडून आहेत. ते वाचायला आपण आणखी किती दिवस दुसऱ्याच्या दारात उभे राहणार?