गोळ्यांचा कोर्स, दारू आणि लपवाछपवी

भातलावणीच्या दिवसांत हिर्डोशीच्या खोऱ्यात ताप, जुलाब आणि अंगदुखी घरोघरी असते. अंगदुखीवर ‘औषध’ म्हणून क्वार्टरही येते. एका दादांना दाढेच्या सुजेवर पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सूज उतरली, घरी पाहुणे आले. ‘गोळीवर दारू नको’ एवढे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी गोळी सोडली आणि दारू घेतली. दोन दिवसांत गाल पुन्हा सुजला. डॉक्टरांना का सांगितले नाही, असे विचारले तर म्हणाले, “ताई, पंचशील घेतलंय. कोणत्या तोंडानं सांगू?”

माझे म्हणणे एवढेच आहे : शील मोडल्यापेक्षा ते लपवल्याने शरीराचे नुकसान जास्त होते.

आता कामाचे सांगते. मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल आणि ऑर्निडाझोल ही औषधे मुरडा, जुलाब आणि दाढेच्या दुखण्यावर नेहमी दिली जातात. पाकिटावर नावापुढे टीझेड किंवा ओझेड असेल तर त्यात यांपैकी एक असू शकते. यांवर दारू घेतल्यास उलट्या, धडधड, डोकेदुखी होऊ शकते. म्हणून शेवटच्या गोळीनंतरही पूर्ण तीन दिवस दारू नको. अमॉक्सिसिलिनचे दारूशी असे थेट वैर नाही. पण आजारी शरीराला पाणी, जेवण आणि झोप हवी असते, दारू नेमके तेच हिरावून घेते. लेप्टोच्या तापात डॉक्सिसायक्लिन देतात. रोज पिणाऱ्याच्या शरीरात त्याचा असर कमी पडू शकतो. टीबीच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालतात आणि त्यातल्या काही लिव्हरवर ताण आणतात, तेव्हा उपचार संपेपर्यंत दारू पूर्ण बंद. डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आणि कधी चुकून घेतलीच, तर कोर्स मनाने बंद करू नका. डॉक्टरांना किंवा सिस्टरला खरे सांगा. अर्धवट कोर्सने आजार उलटतो.

रोज पिणाऱ्याने मात्र घरच्या घरी एकदम दारू तोडू नये. हात थरथरणे, फिट येणे, भ्रम होणे असे जिवावर बेतू शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत सरकारी हेल्पलाइन आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती आपण जपलीच पाहिजे. पण ज्याच्याकडून ती मोडली, त्याला विहारात आणि दवाखान्यात खाली मान घालावी लागली, तर तो पुढच्या वेळी खोटे बोलेल. माझ्या परिचारिका भगिनींनो, गोळी देताना प्रत्येकाला साध्या आवाजात विचारा, “दादा, घेता का?” उत्तर काहीही आले तरी कपाळाला आठी नको. आणि घरच्या बायांनो, त्यांना बोलता येत नसेल तर तुम्ही सांगा. त्यात कसली चहाडी नाही.