भिंत आणि अकरा वर्षांची मुलगी

गेल्या जूनमध्ये पालकसभा संपल्यावर एक आई वर्गात मागे थांबल्या. राहतात पडेगावातच, मुलगा आमच्याकडे सातवीत. तो रोज पहिल्या तासाला पेंगतो, ही आमची तक्रार. त्यांनी कारण सांगितले. घर स्लॅबचे आहे, पण पाऊस नसला की त्या मुलांना घेऊन अंगणात झोपतात. पहाटे चारच्या सुमारास दचकून उठतात आणि एकेका मुलाला हलवून पाहतात, श्वास चालू आहे ना म्हणून.

त्यांचे माहेर उमरग्याकडचे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचे माळवद. सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसे गेली. त्यात त्यांचा चार वर्षांचा भाऊ होता. "बाजी, मैं अकेली भागी," एवढेच त्या म्हणाल्या.

आणि आम्ही काय म्हणालो? "सब्र करा." तोंडातून सवयीने निघाले. त्या मान हलवून गेल्या. तीस वर्षे सब्र केलेल्या बाईला आम्ही सब्र शिकवत होतो! हजरत याकूब (अ.) मुलाच्या विरहात इतके रडले की डोळे पांढरे झाले, हे आम्हीच मुलांना सांगतो. त्या रडण्याने त्यांचा सब्र कमी झाला नाही.

आमची बीएडच्या वेळची एक मैत्रीण आता समुपदेशनाचे काम करते. तिच्या सांगण्यावरून त्या बाई एका मानसोपचार तज्ज्ञाकडे जाऊ लागल्या. तिथे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे सीबीटी सुरू झाली. अमेरिकेतील डॉक्टर एरन बेक यांनी १९६० च्या दशकात ती नैराश्यासाठी घडवली. पुढे एडना फोआ आणि पॅट्रिशिया रेसिक यांनी आघात सोसलेल्या माणसांसाठी तिच्या वेगळ्या पद्धती तयार केल्या. रेसिक यांच्या पद्धतीत साधारण बारा बैठका असतात आणि घरी करायचा अभ्यासही असतो. आम्हा शिक्षकांना हे ऐकून बरे वाटले.

बाईंना एक वही दिली गेली. काय घडले, तेव्हा मनात कोणता विचार आला, त्याने काय वाटले, असे तीन रकाने. दुसऱ्या रकान्यात पानोपानी एकच वाक्य: मी त्याला मारले. मग त्या वाक्याची उलटतपासणी झाली. अंधार किती होता? हाताशी किती सेकंद होते? ती भिंत अकरा वर्षांच्या मुलीला उचलता आली असती? आज तुमची मुलगी अशी धावत बाहेर आली, तर तिला खुनी म्हणाल का?

या शेवटच्या प्रश्नावर त्या पहिल्यांदा मोठ्याने रडल्या. सुरुवातीचे काही आठवडे त्रास उलट वाढला होता आणि त्या जाणे सोडणार होत्या, हेही सांगायला हवे. सोबत भीतीचा सरावही होता: आधी दुपारी दहा मिनिटे आतल्या खोलीत बसायचे, मग अर्धा तास, मग दिवा मालवून. हा सराव जाणकार माणूस सोबत असतानाच करावा. घरच्यांनी हट्टाने कोंडून ठेवणे म्हणजे उपचार नव्हे. भाऊ विसरायचा नसतोच. त्याच्या मृत्यूचा जो निकाल तिने स्वतःविरुद्ध दिला होता, तो पुन्हा तपासायचा असतो.

"मानसिक डॉक्टरकडे गेले तर ईमान कच्चे ठरते का?" असे त्यांच्या सासूबाईंनी आम्हाला विचारले. आम्ही त्यांना बल्खच्या अबू जैद यांच्याविषयी सांगितले. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी त्यांनी शरीर आणि मन या दोघांच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. घरात औषधे साठवतो तसे बऱ्या वेळी चांगले विचार साठवून ठेवा, असा सल्ला त्यात आहे. सासूबाईंना पटले की नाही ठाऊक नाही, पण पुढच्या बैठकीला रिक्षातून त्याच सोबत गेल्या.

आपल्याकडे घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. सरकारची टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. दंगल, अपघात, घरातली मारहाण, लहानपणी झालेला अत्याचार, काहीही असो; फोन करताना आधी सगळे सांगावे लागत नाही.

त्या बाई आता आत झोपतात, दार मात्र उघडे ठेवून. मुलगा अजूनही पहिल्या तासाला पेंगतो. चौकशी केली, तर कारण मोबाईल निघाले.