इराणी गेला, बसायचे कुठे?

सांताक्रूझ स्टेशनजवळचा कोपऱ्यावरचा इराणी बंद झाला, त्याला आता बरीच वर्षे लोटली. तरी जुने सांताक्रूझकर पत्ता सांगताना अजून ‘इराण्याच्या पुढे दोन इमारती’ असेच सांगतात. जे उरले नाही त्याच्याच खुणेने वाट दाखवावी लागते, यातच त्या हॉटेलाचे मोल आले.

प्रथम वर्षाच्या मित्रांना इराणी म्हणजे काय हे सांगायला हवे. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, गल्ल्यावर शेठ, बशीत ब्रून-मस्का आणि पानी कम चहा. आयर्लंडमध्ये गल्लीतल्या पबला जे स्थान, तेच आपल्याकडे इराण्याला. फक्त पेला चहाचा! क्रिकेटची मॅच असली की रेडिओभोवती गर्दी जमे. ज्येष्ठ मंडळी आजही बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनाची आठवण काढतात. १९७१ च्या ऑगस्टमध्ये वाडेकरांच्या संघाने ओव्हलवर इंग्लंडला हरवले, तेव्हा एकमेकांचे नावही ठाऊक नसलेली माणसे एका टेबलाशी आनंदाने ओरडली, असे ती सांगतात. भिंतीवरच्या पाट्यांवर मनाई भरपूर, जास्त वेळ बसायचीसुद्धा; पण ती पाळत कोण होते? धोबीतलावच्या बस्तानीतील अशाच सूचनांवरून निस्सीम इझिकेल यांना कविता सुचली. ते बस्तानीही २००४ साली बंद झाले.

हे का घडले? कोपऱ्याचे दुकान अशुभ, असे मानून व्यापारी ते टाळत, म्हणून इराण्यांना ते मिळाले, असे म्हणतात. पुढे तोच कोपरा लाखमोलाचा ठरला. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी बांधली गेली, म्हणून स्वस्त चहा परवडत राहिला. इमारतीच पाडून नव्या होऊ लागल्या, तेव्हा तो आधारही सुटला. शिवाय शेठची मुले शिकली. त्यांनी पहाटे उठून पावच भाजत बसावे, असा आग्रह धरण्याचा आपल्याला काय अधिकार? म्हणून इराण्याला दोष देणे मला पटत नाही.

नुसते हळहळणेही पटत नाही. जहांगीर आर्ट गॅलरीतील समोवारचे उदाहरण घ्या. उषा खन्ना यांनी १९६४ साली सुरू केलेली ती चिंचोळी जागा. हुसेनसारखे चित्रकार तिथे येत, आणि खिशात चार पैसे असलेला विद्यार्थीही तिथे बसे. नामवंतांचे प्रेम होते, वृत्तपत्रांतून लेख आले. तरी मार्च २०१५ मध्ये समोवार बंद झाले, कारण जागा गॅलरीच्या मालकीची होती. प्रेमाने जागा टिकत नाही, हाच यातला धडा.

मग टिकवायचे काय? खुर्च्या आणि आरसे नव्हेत. ते नव्या महागड्या कॉफीगृहांनीही आणून मांडले आहेत. टिकवायचा तो एका चहावर तासभर बसण्याचा, अनोळखी माणसाशी वाद घालण्याचा हक्क. तो हक्क इराण्यातही सर्वांना सारखा नव्हता. मुली आल्याच तर ‘फॅमिली रूम’मध्ये, आडोशाला. नव्या बैठकीत हा आडोसा नको.

अशी एक जागा आपल्याच हाती आहे: कॉलेजचे कॅन्टीन. त्याचे भाडे कोणी वाढवणार नाही, त्याचा कोपरा कोणी विकणार नाही. तास संपल्यावरही ते संध्याकाळपर्यंत उघडे असावे, चहा विद्यार्थ्याला परवडावा, कप रिकामा झाला म्हणून कोणी उठवू नये, आणि प्राध्यापकांनीही स्टाफरूम सोडून अधूनमधून आमच्या टेबलाशी यावे. एवढे करायला ना सरकारची परवानगी लागते, ना मोठी देणगी. विद्यार्थी मंडळाने हा ठराव येत्या वर्षीच प्राचार्यांपुढे ठेवावा. इराण्याच्या आठवणी काढण्यासाठी तरी बसायला जागा हवी ना!