एजंट नेमका कोणाचा?

फुटबॉलमध्ये शिव्या खायला ठेवलेला एक माणूस असतो, त्याला एजंट म्हणतात. आपला लाडका खेळाडू क्लब सोडून गेला की दोष एजंटचा. पगारवाढीसाठी अडून बसला तरी एजंटचाच. मॅनेजर प्रेस कॉन्फरन्समध्ये त्याच्या नावाने बोटं मोडतो, चाहते त्याला जळू म्हणतात, आणि ट्रान्सफर विंडोच्या शेवटच्या रात्री सगळा क्लब त्याच जळूला फोन लावत बसतो. मला ही शिवीगाळ आळशी वाटते. एजंट कमिशन घेतो यात वावगं काही नाही. पण ते तो कोणाकडून घेतो, आणि मग टेबलावर कोणाच्या बाजूने बसतो, हे विचारायचं सगळेच टाळतात.

आधी एजंटची बाजू मांडतो, कारण ती खरी आहे. १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूला आठवड्याला २० पौंडांपेक्षा जास्त पगार देता येत नसे, मग मैदानात कितीही हजार लोक तिकीट काढून बसलेले असोत. करार संपला तरी क्लब खेळाडूला अडकवून ठेवू शकत असे. जॉर्ज ईस्टहॅम न्यूकॅसलविरुद्ध कोर्टात गेला आणि १९६३ मध्ये त्या पद्धतीला पहिला मोठा तडा गेला. बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मनचा करार १९९० मध्ये संपला. क्लबने नव्या करारात पगार कापला, आणि दुसऱ्या क्लबकडे जाणंही रोखलं. तो पाच वर्षं भांडला आणि १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयात जिंकला. तेव्हापासून युरोपियन युनियनमध्ये करार संपलेला खेळाडू मोकळा झाला. जुन्या क्लबला पैसे मोजायचे नाहीत, म्हणजे ती रक्कम खेळाडूकडे वळवता येते. ती वळवून आणणारा माणूस लागतो. टेबलाच्या एका बाजूला संचालक, वकील, अकाउंटंट आणि दुसऱ्या बाजूला एकटा अठरा वर्षांचा मुलगा, हा सामनाच नव्हे. त्या मुलाशेजारची खुर्ची भरायलाच हवी होती.

ती भरायला आलेली माणसंही मजेशीर आहेत. पोर्तुगालचा जॉर्ज मेंडेस व्हिडिओ कॅसेटचं दुकान आणि नाइटक्लब चालवायचा. १९९६ मध्ये नुनो एस्पिरितो सांतो या गोलकीपरची ट्रान्सफर जुळवून तो या धंद्यात आला. पुढे रोनाल्डो आणि मोरिन्यो त्याच्याकडे आले. मिनो रायोला इटलीत जन्मला आणि नेदरलँड्समधल्या हार्लेम शहरात, घरच्या रेस्टॉरंटमध्ये टेबलं सांभाळत वाढला. २०२२ मध्ये तो गेल्यावर त्याचं काम रफाएला पिमेंता या ब्राझिलियन वकील बाईंनी पुढे चालवलं. हालांडचे व्यवहार त्या बघतात. बड्या घराण्यांतली, बिझनेस स्कूलमधली ही माणसं नव्हेत. माणूस ओळखणं आणि सौदा पटवणं हेच त्यांचं भांडवल. मला त्यांचं कौतुकच वाटतं. म्हणूनच पुढचा हिशोब जास्त खुपतो.

२०१६ मध्ये पॉल पोग्बा युव्हेंटसमधून मँचेस्टर युनायटेडला गेला. किंमत साडेदहा कोटी युरो, तेव्हाचा जागतिक विक्रम. एजंट रायोला. ‘फुटबॉल लीक्स’ची कागदपत्रं अभ्यासून जर्मन पत्रकारांनी २०१७ मध्ये छापलं, की या एका व्यवहारात रायोलाच्या वाट्याला ४ कोटी ९० लाख युरो आले. त्यातले २ कोटी ७० लाख विकणाऱ्या युव्हेंटसकडून, १ कोटी ९४ लाख विकत घेणाऱ्या युनायटेडकडून आणि २६ लाख पोग्बाच्या बाजूने. म्हणजे ज्याचा तो एजंट, त्याच्या बाजूने आलेला वाटा सगळ्यात लहान. यात बेकायदा काही होतं असा माझा आरोप नाही. तेव्हाच्या नियमांत सगळ्यांची लेखी संमती असली की अनेक बाजूंकडून पैसे घेता येत. माझा आरोप त्या नियमावरच आहे.

पुण्या-मुंबईत भाड्याने घर शोधलेल्या कोणालाही हे गणित समजावून सांगायला नको. ब्रोकर मालकाकडून एक महिन्याचं भाडं घेतो, आपल्याकडूनही घेतो, आणि डिपॉझिट कमी करायची वेळ आली की खिडकीबाहेर बघत बसतो.

आता दुसरा आकडा बघा. फिफाच्या नियमानुसार आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरच्या रकमेतले ५ टक्के, खेळाडूला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटायचे असतात. पोग्बाच्या बाबतीत हे होतात साडेबावन्न लाख युरो. तेही एका क्लबला नाहीत. पॅरिसच्या उपनगरातल्या छोट्या क्लबांपासून ल हाव्रपर्यंत सगळ्यांनी, शिवाय युव्हेंटस आणि युनायटेडनेही वाटून घ्यायचे. पोराला पास कसा द्यायचा हे शिकवणाऱ्या सगळ्यांचं मिळून मोल, फोनवर सौदा जुळवणाऱ्याच्या जवळपास नवव्या हिश्श्याइतकं.

‘यापेक्षा घरचा माणूस बरा’ असं म्हणाल, तर नेमारकडे बघा. २०१३ मध्ये तो बार्सिलोनाला गेला तेव्हा जाहीर झालेली रक्कम होती ५ कोटी ७१ लाख युरो. त्यातले ४ कोटी त्याच्या आईवडिलांच्या कंपनीला गेले आणि सांतोस क्लबला १ कोटी ७१ लाख. नेमारच्या हक्कांत ४० टक्के वाटा असलेल्या गुंतवणूकदारांनी कोर्ट गाठलं, कारण त्यांना टक्केवारी फक्त सांतोसच्या रकमेवर मिळाली. २०२२ मध्ये स्पेनच्या कोर्टाने सगळ्यांची निर्दोष सुटका केली. कायद्याचा प्रश्न तिथे मिटला. पण वडीलच एजंट असले म्हणून पैशाची वाट आपोआप सरळ होत नाही, एवढं त्यातून दिसलं. अनेक एजन्सींना स्वतःला ‘कुटुंब’ म्हणवून घ्यायला आवडतं, म्हणून हे उदाहरण लक्षात ठेवावं.

दुसरा आवडता शब्द ‘कन्सल्टिंग’. खेळाडूचं प्रतिनिधित्व करतो आणि क्लबला सल्लाही देतो. हा शब्द मी रोज ऐकतो, कारण मी सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्याकडे एखादी कंपनी इंजिनिअरला क्लायंटकडे बसवते. क्लायंट त्याच्यासाठी ताशी किती मोजतो हे सहसा त्या इंजिनिअरलाच सांगितलं जात नाही. पण निदान तिथे कोणी त्याला ‘मी तुझा माणूस आहे’ असं सांगत नाही. पगार देणारा कोण आणि तो कोणाचं ऐकणार, हे दोघांनाही ठाऊक असतं. फुटबॉलमध्ये क्लबकडून पैसे घेणारा माणूस खेळाडूच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढतो.

फिफाला हे कळत नाही असं नाही. २०१५ मध्ये तिने एजंटांचं लायसन्स काढूनच टाकलं होतं, आणि रान मोकळं झालं. डिसेंबर २०२२ मध्ये नवे नियम मंजूर झाले. त्यात परीक्षा आली, कमिशनवर मर्यादा आली, एजंटची फी त्याच्या अशिलानेच द्यावी असं आलं, आणि दोन्ही बाजूंनी बसायला बंदी आली. पण या बंदीतही एक खिडकी उघडी ठेवली होती: खेळाडू आणि त्याला विकत घेणारा क्लब, दोघांसाठी एकच एजंट चालेल! तरीही एजंट कोर्टात गेले. जर्मनीत स्थगिती मिळाली, इंग्लंडमध्ये लवादाने कमिशनची मर्यादा स्पर्धा कायद्याविरुद्ध ठरवली, आणि ३० डिसेंबर २०२३ ला फिफाने पैशाचे आणि दुहेरी प्रतिनिधित्वाचे नियम जगभर थांबवले. वीस प्रश्नांची, पुस्तक उघडून द्यायची परीक्षा तेवढी राहिली. त्याच २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरमध्ये क्लबांनी एजंटांना दिलेली रक्कम होती ८८ कोटी ८० लाख डॉलर, आदल्या वर्षापेक्षा ४० टक्क्यांहून जास्त.

किमतीच्या मुद्द्यावर मला कोर्टांचं पटतं. फिफासारख्या मक्तेदाराने दुसऱ्याच्या मेहनतीचा दर का ठरवावा? चांगल्या एजंटने १० टक्के घ्यावेत, खेळाडूला परवडत असेल तर २० घ्यावेत. पण ते खेळाडूच्या खात्यातून, त्याच्या डोळ्यांदेखत जायला हवेत. आपल्या पगारातून कापलेला पैसा माणूस मोजतो, आणि मोजला की प्रश्न विचारतो. क्लब परस्पर देतो तेव्हा खेळाडूला वाटतं एजंट फुकट मिळाला. फुकट मिळालेला वकील समोरच्या पार्टीचा असतो.

हे सगळं युरोपातल्या कोट्यधीशांचं दुखणं वाटत असेल, तर जरा खाली उतरून बघा. कॅमेरूनचा माजी खेळाडू ज्याँ-क्लोद म्बवुमँ याने २००० मध्ये पॅरिसमध्ये ‘फूट सॉलिडेअर’ ही संस्था काढली. युरोपात ट्रायल मिळवून देतो म्हणून पश्चिम आफ्रिकेतल्या कुटुंबांकडून आगाऊ पैसे घ्यायचे, मुलाला आणायचं आणि रस्त्यावर सोडून द्यायचं, हा धंदा करणारेही स्वतःला एजंटच म्हणवत. ज्याचे पैसे आधीच वसूल झाले, त्याला मुलाच्या कराराची गरजच उरत नाही. पुण्यात फ्रेशर्सकडून ‘रजिस्ट्रेशन फी’ घेऊन गायब होणाऱ्या कन्सल्टन्सी ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हा माणूस लांबूनही ओळखू येईल.

तो आपल्याकडे येणार नाही असं समजू नका. कोल्हापुरात तालमींच्या संघांसाठी पेठाच्या पेठा शाहू स्टेडियमवर लोटतात. तिथला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. अशी वाट एकदा दिसली की त्या वाटेवर दुकानं लागतात. म्हणून तुमच्या घरात, गल्लीत, टर्फवर कोणी खरंच चांगलं खेळणारं पोरगं असेल, आणि झकास शर्ट घातलेला कोणी त्याच्या आईवडिलांसमोर कागद सरकवत असेल, तर लायसन्स बघाच. पण त्याआधी दोन गोष्टी त्याच्याकडून लिहून घ्या: तुला पैसे कोण देणार, आणि कधी देणार? करार झाल्यावर आणि फक्त हा मुलगा देणार, असं उत्तर असेल तर पुढे बोला. बाकी कुठल्याही उत्तराला चहा पाजून वाटेला लावा.